न कमावलेला आनंद

१८७४ साल. सोळा वर्षांची एक मुलगी आईची तिरडी घेऊन निघाली आहे. दुष्काळाचे दिवस आहेत, गाव परकं आहे, प्रेत उचलायला माणसं मिळत नाहीत. कसेबसे दोन ब्राह्मण तयार झाले, तिसरा मुलीचा भाऊ आणि चौथी ती स्वतः. उंची कमी असल्यामुळे तिच्या खांद्यावर भार नीट बसेना, म्हणून तिनं तो डोक्यावर घेतला. स्मशान तीनेक मैल लांब होतं. वडील काही दिवसांपूर्वीच गेले होते. थोड्याच काळात मोठी बहीणही जाणार होती.

ही मुलगी म्हणजे पंडिता रमाबाई. शाळेच्या पुस्तकात त्या आपल्याला एका परिच्छेदात भेटतात: संस्कृतच्या विदुषी, विधवांसाठी शारदा सदन काढलं, पुढे ख्रिस्ती झाल्या. संपलं. पण १९०७ साली त्यांनी लिहिलेली ‘अ टेस्टिमनी’ ही छोटी इंग्रजी पुस्तिका वाचताना मला राहून राहून एका गोष्टीचं नवल वाटलं. जिच्या आयुष्यात एवढी मरणं झाली, ती बाई तिथं आनंदाची गोष्ट सांगते आहे. समजूत घालून घेतलेल्या माणसासारखी नाही, काहीतरी सापडलेल्या माणसासारखी.

घरात कुणी गेलं की भेटायला येणारे ‘देवाची इच्छा’ म्हणतात, ‘काळच औषध’ म्हणतात. अशा वेळी आनंद हा शब्दच अंगावर येतो. म्हणून रमाबाईंचा हा आनंद नेमका कशाचा होता, तो टिकला का, आणि टिकला तर कशामुळे, हे मला त्यांच्या आयुष्यातच शोधून बघायचं होतं.

पुण्याचा हिशेब

वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांना धर्मसभेपुढे जाब द्यावा लागला होता. सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानात त्यांनी घर केलं. तिथंच २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला. पुढे कुटुंब तीर्थयात्रेला निघालं ते कायमचंच. देवळात, नदीच्या घाटावर पुराण सांगायचं, जे मिळेल त्यावर राहायचं, आणि त्यातलंही पुण्यासाठी दान करायचं.

१८७० च्या दशकातल्या दुष्काळात हे सगळं कोसळलं. पैसे संपले, दागिने गेले, भांडीकुंडी गेली. तरीही उपास आणि अनुष्ठानं चालूच होती, कारण देव प्रसन्न झाला तर दिवस पालटतील अशी श्रद्धा होती. शेवटी सगळे रानात गेले. अकरा दिवस पाणी, झाडाचा पाला आणि मूठभर रानखजूर यांवर काढले. जाण्यापूर्वी वडिलांनी या सगळ्यात धाकट्या मुलीला जवळ घेऊन सांगितलं, की मी तुला देवाच्या हाती दिलं आहे, जन्मभर त्याचीच सेवा कर.

बहीण-भाऊ उरले. दोघं पायी हजारो मैल भटकत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचली. तिथल्या विद्वानांनी रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवलं. दोन वर्षांत भाऊ श्रीनिवास गेला. रमाबाईंनी बिपिन बिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी जातीबाहेर, नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. मुलगी झाली, मनोरमा. आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीनं नवरा गेला. रमाबाई तेव्हा तेवीस वर्षांच्या होत्या, मनोरमा वर्षाचीही नव्हती.

इथं एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. त्या काळात वैधव्याकडे केवळ दुःख म्हणून बघत नसत, ती शिक्षा मानली जाई. नवरा गेला तो तुझ्या मागच्या जन्मीच्या पापामुळे, असं बाईला तोंडावर सांगितलं जाई. केस काढायचे, एकवेळ जेवायचं, शुभकार्यात समोर यायचं नाही. १८८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द हाय-कास्ट हिंदू वूमन’ या पुस्तकात रमाबाईंनी हे सगळं जगापुढे मांडलं. माणूस गेल्याचं दुःख असतंच. त्यावर ‘हे तुझ्यामुळे झालं’ हा आरोप आला की दुःख करायचाही हक्क राहत नाही. पुण्य कमावून दुष्काळ टळला नव्हता, आणि आता पाप केल्यामुळे नवरा गेला असं ऐकायचं होतं. दोन्हीकडे हिशेब एकच.

फुलहॅमची भेट

१८८३ मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या, वॉंटेज इथल्या जोगिणींच्या मठात राहिल्या. डॉक्टर व्हायचं होतं, पण कान अधू होत चालले होते, त्यामुळे ते राहून गेलं. सोबत गेलेल्या आनंदीबाई भगत यांनी तिथंच आत्महत्या केली. परदेशात आणखी एक मरण पाहावं लागलं.

त्याच मठाच्या जोगिणी लंडनमधल्या फुलहॅमला एक आसरा चालवत. समाजानं ‘बिघडलेल्या’ म्हणून टाकून दिलेल्या बायकांना तिथं ठेवून घेत. रमाबाईंना हे नवं होतं. अशा बाईला शिक्षा करावी हे त्यांनी शास्त्रांत वाचलं होतं. तिला जवळ करावं हे नव्हतं वाचलं. यांच्यावर एवढी माया का करता, असं त्यांनी विचारलं. उत्तरादाखल त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवण्यात आली: विहिरीवर आलेली, गावानं नावं ठेवलेली बाई, आणि तिच्याकडे पाणी मागणारा, तिच्याशी बरोबरीनं बोलणारा येशू. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

पण ‘अ टेस्टिमनी’तला आनंद या दिवसाचा नाही. बाप्तिस्म्यानंतरही आठ वर्षं मन भरलं नव्हतं, असं त्या स्वतःच सांगतात. नवा धर्म हाती आला होता. ज्याच्यासाठी तो घेतला, तो भेटला नव्हता. मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा पत्रांतून झालेला वाद प्रसिद्ध आहे. ख्रिस्ताला मानते, पण पाद्री सांगतील ते सगळं मानणार नाही, हा त्यांचा बाणा होता. जेवण शाकाहारीच राहिलं.

मग १८९१ च्या सुमारास विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचं आत्मकथन त्यांच्या वाचनात आलं. हा गृहस्थ वर्षानुवर्षं प्रवचनं देत होता आणि एके दिवशी स्वतःच्याच प्रवचनात त्याचं मन पालटलं. रमाबाईंना त्यात आपलं चित्र दिसलं. बायबल पुन्हा वाचताना त्यांना उमगलं ते इतकंच: देवाची माया कमवावी लागत नाही. ती आधीच दिलेली आहे. फक्त घ्यायची आहे. बाई असो, विधवा असो, पुण्य गाठीला असो नसो.

ज्या मुलीनं पुण्यासाठी घरदार विकलं गेलेलं पाहिलं, त्या मुलीला हे कसं वाटलं असेल? मला वाटतं, त्यांच्या आनंदाची मुळी इथं आहे. जे कमावलेलं नाही ते पुढच्या संकटात जप्त होत नाही. आणि दुःख आलं तरी ते शिक्षा म्हणून वाचावं लागत नाही.

एक गोष्ट मात्र मला खटकते. रमाबाई जुन्या धर्माबद्दल लिहितात तेव्हा व्रतं आणि कर्मकांडच पुढे येतं. वारकऱ्यांची भक्ती जवळजवळ दिसत नाही. कवी ना. वा. टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, ते मात्र आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो असं म्हणत. फुकट मिळणारी माया मराठी मुलखाला अगदीच परकी नव्हती. ती रमाबाईंच्या घराच्या वाटेवर आली नाही, एवढंच.

दुष्काळ पुन्हा

असा आनंद माणसाला आत्ममग्न करू शकतो. ‘मला शांती मिळाली’ म्हणत दार लावून बसता येतं. रमाबाईंचं दार उघडं राहिलं, आणि गंमत म्हणजे भांडण त्यावरूनच झालं. शारदा सदन ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झालं, पुढे पुण्याला आलं. रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करत तेव्हा दार बंद नसे आणि मुली येऊन बसत. १८९३ मध्ये यावरून पुण्यात काहूर उठलं. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातल्या उपाशी मुलींच्या बातम्या वाचून रमाबाईंना स्वतःचे रानातले दिवस आठवले. त्या गेल्या आणि तीनशेच्या आसपास मुली-बायका घेऊन आल्या. पुण्यात प्लेग, म्हणून त्यांना केडगावच्या माळावर नेलं. तिथं ‘मुक्ती’ उभी राहिली. १९०० च्या दुष्काळानंतर तिथली वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना, सगळं बायकाच चालवत. अंध मुलींसाठी बारतीमी सदन होतं. आणि टाकलेल्या बायकांसाठी कृपा सदन: फुलहॅमला जे पाहिलं होतं, ते केडगावला उभं राहिलं.

१९०५ मध्ये मुक्तीत मोठी धर्मजागृती झाली. मुली तासन्‌तास रडत, मग गात. बाहेरच्यांना तो प्रकार विचित्र वाटला. मला त्यात वेगळंच दिसतं. या मुलींनी आईबाप उपासमारीत मरताना पाहिले होते. मोठ्यानं रडायला त्यांना बहुधा पहिल्यांदाच जागा मिळाली होती.

आनंदाची खरी कसोटी शेवटी लागली. मनोरमा आईचा उजवा हात झाली होती. पुढचं सगळं तीच सांभाळणार असं ठरल्यासारखं होतं. जुलै १९२१ मध्ये ती गेली, चाळीस वर्षांची. रमाबाईंना आता ऐकू येत नव्हतं, तब्येत ढासळली होती. त्या तेव्हा मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणत होत्या. खेड्यातल्या बाईला कळेल अशा भाषेत, जड संस्कृत शब्द टाळून. जिला कलकत्त्यानं ‘सरस्वती’ म्हटलं, तिनं आपलं संस्कृत असं बाजूला ठेवलं. मुलगी गेल्यावरही ते काम थांबलं नाही. अखेरची मुद्रितं त्यांनी तपासली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचं निधन झालं.

मनोरमेच्या मागे त्या रडल्या नसतील असं मला वाटत नाही. आनंद म्हणजे रडू न येणं, असा त्यांचा दावाच नव्हता. पण त्या वेळी ‘मी काय पाप केलं’ हा प्रश्न त्यांच्यापुढे उरला नव्हता. तेवीसाव्या वर्षी समाजानं तो विचारला होता. त्रेसष्टाव्या वर्षी त्या मुद्रितं तपासत होत्या.

ते बायबल १९२४ मध्ये केडगावच्या छापखान्यातूनच बाहेर पडलं. त्याचे खिळे जुळवले होते मुक्तीतल्या बायकांनी. ज्यांना एके काळी अक्षर शिकणंही पाप आहे असं सांगितलं गेलं होतं, त्यांनी.