हौशी रेडिओचे संच : पारंपरिक की संगणकावलंबी? येरमाळा परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक चिकित्सा

प्रस्तावना :
30 सप्टेंबर 1993 रोजी, गणेश विसर्जनानंतरच्या पहाटे चारच्या सुमारास, लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर आदी गावे उद्ध्वस्त झाली व हजारो माणसे मृत्युमुखी पडली. या आपत्तीत परवानाधारक हौशी रेडिओचालकांनी, म्हणजेच 'हॅम' मंडळींनी, संदेशवहनास साहाय्य केले. याच जिल्ह्यातील येरमाळा परिसरात एखाद्या महाविद्यालयाने आज हौशी रेडिओ केंद्र उभारावयाचे ठरविले, तर संदेश पाठविणारा व ग्रहण करणारा संच, म्हणजे ट्रान्सीव्हर, कोणता घ्यावा? सर्व यंत्रणा एकाच पेटीत असलेला पारंपरिक संच, की संगणकाशिवाय न चालणारा? वरकरणी तांत्रिक वाटणाऱ्या या प्रश्नाचे उत्तर संचांच्या इतिहासात शोधण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

संचांची वाटचाल :
भारतात हौशी रेडिओचा प्रारंभ 1921 मध्ये कोलकात्यात अमरेंद्रचंद्र गुप्तू यांच्यापासून मानला जातो. 1939 मध्ये महायुद्ध सुरू होताच हौशी परवाने रद्द झाले. तरीही 1942 च्या ऑगस्टमध्ये मुंबईत सुरू झालेल्या काँग्रेस रेडिओचा प्रक्षेपक उभारण्यात नरिमन प्रिंटर या हौशी रेडिओतज्ज्ञाचेच कौशल्य उपयोगी पडले. पोलिसांना चुकविण्यासाठी ते केंद्र एका जागेवरून दुसऱ्या जागी हलविले जाई. यंत्राचे ज्ञान चालविणाऱ्यांच्या हाती होते, म्हणूनच हे शक्य झाले. स्वातंत्र्योत्तर काळात युद्धोत्तर शिल्लक लष्करी सामग्री व घरी जुळविलेले संच हाच हौशी चालकांचा आधार होता. 1984 मध्ये आयातशुल्कात सवलत मिळाल्यानंतर परदेशी तयार संच अधिक सुलभ झाले. सोय वाढली, परंतु दुरुस्तीसाठी परावलंबनही वाढले.

संगणकाचा प्रवेश :
पारंपरिक संचात हवा तो संदेश वेगळा काढण्याचे काम वेटोळी व स्फटिक करतात. सॉफ्टवेअर-आधारित संचात तेच काम गणिती प्रक्रियेने होते. त्यामुळे संपूर्ण लहरपट्टा पडद्यावर दिसतो आणि सॉफ्टवेअर बदलून नव्या संदेशपद्धती वापरता येतात. हा लाभ निर्विवाद आहे. मात्र अमेरिकेतील एसडीआर-1000 हा या प्रकारातील आरंभीचा संच संगणकाच्या साउंड कार्डावर व पॅरलल पोर्टवर विसंबून होता. 2007 मधील फ्लेक्स-5000 ला फायरवायर जोडणी लागे. पुढे दोन्ही जोडण्या नव्या संगणकांतून नाहीशा झाल्या. संच सुस्थितीत असूनही त्यासाठी जुना संगणक जपून ठेवण्याची पाळी आली.

याउलट हैदराबादच्या अशर फरहान यांनी 2003 च्या सुमारास आराखडा केलेला 'बिटएक्स' हा संच बाजारात सहज मिळणाऱ्या सुट्या भागांतून, अगदी नळाच्या वॉशरवर वेटोळी गुंडाळून, तयार करता येत असे. त्यांच्याच पुढील 'मायक्रोबिटएक्स'मध्ये लहानसा सूक्ष्मनियंत्रक आला आणि 'एसबिटएक्स'मध्ये रास्पबेरी पाय हा छोटा संगणक पेटीतच बसला. आराखडे व संगणक-आज्ञावली खुल्या असल्याने येथे संगणक आला तरी ज्ञान चालकाच्या हातून निसटले नाही. 2016 च्या आयकॉम आयसी-7300 मध्येही सॉफ्टवेअर-प्रणाली आतच असून बाहेर नेहमीची बटणे आहेत. म्हणजे जुने विरुद्ध नवे हा मूळ वाद आता उरलेला नाही. संच स्वयंपूर्ण आहे की नाही आणि तो आपल्याला समजून घेता येतो की नाही, हे खरे प्रश्न होत.

येरमाळ्याचा संदर्भ :
येरमाळा बालाघाटच्या डोंगररांगेत, सोलापूर–धुळे महामार्गावर वसलेले आहे. अतिउच्च वारंवारितेच्या लहरी डोंगराआड अडतात. 7 मेगाहर्ट्झच्या लहरी आयनांबराकडून परावर्तित होऊन दिवसा शेकडो किलोमीटरवर पोहोचतात. येडेश्वरीच्या चैत्र यात्रेची गर्दी असो वा भूकंप, केंद्राची कसोटी वीज व मोबाईल सेवा खंडित झाल्यावरच लागते. 100 वॅटचा संच प्रक्षेपण करताना सुमारे 20 अँपिअर, तर केवळ ऐकताना साधारण 1 अँपिअर विद्युतधारा घेतो. त्यामुळे ट्रॅक्टरच्या 12 व्होल्ट बॅटरीवर तो मर्यादित काळ चालू शकतो. स्वतंत्र संगणक जोडल्यास विजेची दुसरी गरज व बिघाडाची दुसरी जागा निर्माण होते.

निष्कर्ष :
1) ग्रामीण केंद्राचा पहिला संच संगणकाविना व बॅटरीवर चालणारा असावा.
2) दुसरा संच खुल्या आराखड्याचा असून तो विद्यार्थ्यांनी स्वतः जुळवावा. भौतिकशास्त्र व संगणकशास्त्र विभागांना त्यातून समान कार्यक्षेत्र मिळेल.
3) पारंपरिक संचही अमर नाहीत; त्यांचे सुटे भाग कालांतराने दुर्मीळ होतात. म्हणून खरेदीइतकेच महत्त्व दुरुस्तीच्या ज्ञानाला द्यावे.

1942 चा प्रक्षेपक उभा राहिला तो जाणकार हातांमुळे. 1993 मध्ये भूकंपग्रस्तांच्या मदतीला आले तेही परवाना व सराव असलेले चालकच. संच विकत घेता येतो. तो चालविणारी व दुरुस्त करणारी माणसे मात्र आपत्तीपूर्वीच घडवावी लागतात, आणि ते कार्य महाविद्यालयांचे आहे.