वऱ्हाडची भाकर आणि तिचे सोबती

अकोल्याहून पूर्णेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर बार्शीटाकळी हें गांव लागतें. येथील हेमाडपंती देऊळ यादवकाळाची साक्ष देत अजून उभें आहे. देवळाची साक्ष दगड देतो. गरिबाच्या ताटाची साक्ष मात्र शेताच्या धुऱ्यावर शोधावी लागते. थोड्या पैशांत सकस अन्न कसें मिळवावें, हा आज घरोघर पडणारा प्रश्न वऱ्हाडच्या कुणब्यानें एके काळीं पेरणीच्या वेळींच सोडविला होता. तो कसा, आणि तें उत्तर पुढें कां हरवलें, हें पाहण्यासारखें आहे.

काळ्या जमिनींत कपाशी आणि ज्वारी हीं येथलीं मुख्य पिकें. त्यांच्याच ओळींमध्यें तूर आणि मूग, धुऱ्याला अंबाडी, आणि जमेल तेथें तीळ व जवस. सालदाराच्या मजुरींत ज्वारीचा वांटा असे. उरलेलें धान्य पेवांत राही. त्यामुळें भाकर, तुरीचें वरण, अंबाडीची भाजी आणि जवसाची चटणी एवढें ताट बाजार न गांठतां भरे. पावसाळ्यांत तरोटा आणि घोळ यांची भाजी तर केवळ खुडण्याच्या कष्टाच्या मोलानें मिळे.

इ. स. १८५३ मध्यें निजामानें वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या हवालीं केला. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें, तिकडील कापूस अडला, आणि इंग्लंडच्या गिरणीवाल्यांची नजर या प्रांताकडे वळली. १८६७ सालीं आगगाडी भुसावळहून नागपुरास पोंचली. गाडीनें कापूस गेला, तसें धान्यहि जाऊं लागलें. ज्वारी घरची होती, ती बाजाराची झाली. तिचा भाव चढला कीं रोख मजुरी तोकडी पडे. १८९९-१९०० च्या दुष्काळांत याचा कडू अनुभव आला. कापसाच्या पैशानें संपन्न म्हणविणाऱ्या या प्रांताची लोकसंख्या १८९१ सालीं सुमारें २९ लाख होती. १९०१ च्या गणतींत ती साडेसत्तावीस लाख भरली.

जुन्या ताटाचें मोल शास्त्रानें पुढें मोजलें. कुन्नूर येथील पोषण प्रयोगशाळेचे संचालक डॉ. आयक्रॉइड यांनीं १९३७ सालीं भारतीय अन्नपदार्थांचीं कोष्टकें प्रसिद्ध केलीं. शंभर ग्रॅम ज्वारींत सुमारें १० ग्रॅम प्रथिनें असतात, तुरीच्या डाळींत २० हून अधिक. ज्वारींत लायसिन हा घटक कमी, तो डाळींत भरपूर. उलट डाळींत जें उणें, तें धान्य पुरवितें. तिळांत कॅल्शियम विपुल आहे. पण ज्वारी एकटी पुरत नाहीं. हैदराबादचे डॉ. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनीं १९६० सालीं दाखविलें कीं, जे गरीब लोक प्रायः ज्वारीवरच राहत, त्यांच्यांत पेलाग्रा हा रोग आढळतो. भाकरीचें बळ तिच्या सोबत्यांत आहे. आणि दारिद्र्यांत प्रथम सुटतात ते हेच सोबती.

१९६५ सालीं भारतीय अन्न महामंडळ स्थापन झालें आणि स्वस्त धान्याच्या दुकानांतून गहूं-तांदूळ खेडोपाडीं पोंचले. पुढें सोयाबीन पसरलें, ज्वारीचें क्षेत्र आक्रसलें. ज्वारीबरोबर कडबा गेला, आणि कडब्याबरोबर पुष्कळ घरांचें दूध-ताकहि गेलें. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें पात्र कुटुंबांतील प्रत्येक माणसास दरमहा ५ किलो धान्याचा हक्क दिला. १ जानेवारी २०२३ पासून तें विनामूल्य मिळतें. ज्याच्या घरीं चूल थंड राहिली आहे, त्यालाच या हक्काची खरी किंमत कळेल. परंतु त्या हक्कांत डाळ नाहीं, तेलबी नाहीं, पालाहि नाहीं.

२०२३ हेंच वर्ष संयुक्त राष्ट्रांनीं भरड धान्यांचें वर्ष म्हणून पाळलें. शहरांत ज्वारीला मान आला आणि भावहि आला. ज्या मजुरिणीच्या हातची ती भाकर, तिलाच ती रोज परवडेल असें राहिलें नाहीं. तरी तिच्यापुरता इतिहासाचा बोध स्पष्ट आहे. धान्यावरचा वांचलेला पैसा डाळीकडे वळावा. धुऱ्यावर अंबाडीची एक ओळ आणि अंगणांत एक शेवगा असावा. चटणीला मूठभर तीळ किंवा जवस लागावे. भाकर ज्वारीची असो वा पोळी गव्हाची, तिला एकटी पडूं देऊं नये.