काशी : स्थान आणि वास्तू

काशीस प्रथम जाणारा मराठी माणूस तिला सहसा नव्याने पाहत नाही. घरात ऐकलेली काशी तो समोरच्या काशीशी ताडून पाहतो. वडीलधारी मंडळी यात्रेहून परतल्यावर झालेले मावंदे, देवघरातील तोंड झाळून बंद केलेला गंगेचा गडू, ‘काशीस जावे नित्य वदावे’ ही म्हण, आणि शिवाच्या त्रिशुळावर उभी असलेली, प्रलयातही न बुडणारी नगरी ही पुराणांची ग्वाही, या सर्वांतून त्याच्या मनात एक अनादी काशी आकारास आलेली असते. या काशीत काळाला स्थान नाही. इतिहासाच्या अभ्यासकाची अडचण नेमकी येथे सुरू होते.

अस्सीपासून नाव सोडून प्रवाहाबरोबर निघावे. गंगा येथे उत्तरवाहिनी आहे. डाव्या हाताला चंद्रकोरीसारखा वळलेला उंच काठ, उजव्या हाताला मोकळी वाळू. काठावरच्या दगडाचे वय विचारीत गेले की उत्तरे विस्मयकारक येतात. अहल्याबाईंच्या नावाचा घाट अठराव्या शतकातला. दशाश्वमेध पेशव्यांच्या काळात दगडाने बांधून निघाला. मणिकर्णिकेच्या पुढे शिंद्यांचा घाट लागतो, मग नागपूरकर भोसल्यांचा. त्यापुढे बालाजी घाट, ज्याच्या देवळात उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांनी वर्षानुवर्षे सनईची साधना केली. दुर्गाघाट व ब्रह्माघाट या भागांत तर मराठी कुटुंबांची पिढ्यान्‌पिढ्यांची वस्ती. मानमंदिर हा मधला अपवाद. आंबेरच्या मानसिंहाचा तो प्रासाद १६०० च्या सुमाराचा आहे. परंतु त्याच्या गच्चीवरील वेधशाळा पुन्हा अठराव्या शतकातलीच. ‘प्राचीन’ म्हणून ज्या काठाकडे आपण हात जोडून पाहतो, त्याचा बहुतेक भाग अडीच-तीन शतकांपलीकडे जात नाही.

डॉ. अनंत सदाशिव अळतेकर यांनी १९३७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या काशीच्या इतिहासात, आधुनिक काशी ही पुष्कळ अंशी मराठ्यांची निर्मिती आहे, अशा आशयाचे विधान केले. ते मराठी वाचकास सुखावते आणि पुनःपुन्हा उद्धृत होते. घाटांकडे पाहिले तर ते खरेही वाटते. तथापि ‘निर्मिती’ हा शब्द येथे कितपत यथार्थ आहे, याचा विचार व्हावयास हवा. कारण त्या शब्दाच्या निर्णयावर काशीचे प्राचीनत्व कशात आहे, या प्रश्नाचे उत्तर अवलंबून आहे.

नाव राजघाटापर्यंत नेली म्हणजे पहिला धडा मिळतो. वरुणा-संगमाजवळचे हे पठार आज यात्रेकरूंच्या गर्दीपासून दूर आहे. १९४० साली रेल्वेच्या कामासाठी येथील माती खणली जात असता पुरातन अवशेष उघडे पडले. पुढे १९५७ पासून काशी हिंदू विश्वविद्यालयाने येथे पद्धतशीर उत्खनन केले. वस्तीचे सर्वांत खालचे थर ख्रिस्तपूर्व आठव्या शतकाच्या आसपास जातात. मूळ नगर येथे होते. गाहडवाल राजांचे ताम्रपट पाहिले तर त्यांतील कित्येक दाने आदिकेशवाच्या घाटावर, म्हणजे याच संगमावर, स्नान करून दिलेली आहेत. नगराचे मर्मस्थान नंतरच्या शतकांत दक्षिणेकडे सरकत गेले. राजघाटास गुप्तकालीन मृण्मुद्राही मिळाल्या असून त्यांवर नाव आहे ते अविमुक्तेश्वराचे. गोविंदचंद्राचा मंत्री लक्ष्मीधर याने बाराव्या शतकात ‘कृत्यकल्पतरू’च्या तीर्थविवेचनकांडात वाराणसीच्या शेकडो लिंगांची नोंद केली, परंतु विश्वेश्वरास पुढे जे सर्वोच्च पद प्राप्त झाले, ते तेथे अद्याप त्याचे नाही. तात्पर्य, अनादी म्हणून पूजिल्या गेलेल्या या नगरीने आपले स्थळही हलविले आणि आपला अधिष्ठाताही बदलला. असे असूनही ती तीच काशी राहिली. ही एकता तिला कोणी दिली?

या प्रश्नाचे सर्वांत निःशंक उत्तर एका दाक्षिणात्य पंडिताच्या ग्रंथात सापडते. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात रामेश्वरभट्ट पैठण सोडून काशीस स्थायिक झाले. त्यांचे पुत्र नारायणभट्ट. त्यांचा जन्म १५१३ चा. प्रयाग, काशी आणि गया या तीन तीर्थांवरील ‘त्रिस्थलीसेतु’ हा त्यांचा निबंधग्रंथ. त्यात विश्वेश्वराच्या पूजेचा विचार करताना एक विलक्षण अडचण त्यांच्यापुढे येते. काळाच्या ओघात मूळ लिंग काढले गेले व मनुष्यांनी दुसरे बसविले, तर पूजा कोणाची करावयाची? भट्टांचा निर्णय असा, की त्या स्थानी जे लिंग असेल त्याचीच करावी. परकीय सत्तेमुळे तेथे लिंगच उरले नाही तर? तरीही त्या स्थानाची प्रदक्षिणा करावी, त्यास नमस्कार करावा. नित्ययात्रा तेवढ्याने सिद्ध होते. अभिषेकादी ज्या उपचारांना प्रत्यक्ष लिंगाची अपेक्षा असते, तेवढे मात्र घडणार नाहीत.

धर्मशास्त्राच्या कोरड्या परिभाषेत सांगितलेला हा निर्णय किती धीराचा आहे, हे लक्षात घेतले पाहिजे. ११९४ च्या घोरी आक्रमणापासून काशीतील देवालये किती वेळा पडली आणि उठली, याची भट्टांस पूर्ण जाणीव होती. १५८५ च्या सुमारास तोडरमलाच्या साहाय्याने विश्वेश्वराचे मंदिर पुन्हा उभे राहिले, त्यात परंपरा त्यांनाच पुढाकार देते. असा पुरुष मंदिराचे महत्त्व कमी लेखणारा खचित नव्हे. परंतु वास्तूचा भरवसा नाही, हे त्याने ओळखले आणि तीर्थाचा पाया वास्तूवरून काढून स्थानावर व यात्रेकरूच्या कृतीवर ठेवला. पुढे १६६९ साली औरंगजेबाच्या काळात ते मंदिर पाडले गेले व त्या जागी मशीद उभी राहिली. त्यानंतर शतकाहून अधिक काळ विश्वेश्वराचे पूर्वीच्या तोडीचे देवालय नव्हते. यात्रा मात्र खंडित झाली नाही. भट्टांचा निर्णय काळाने अशा रीतीने कसास लावला.

योगायोग असा, की याच पिढ्यांत पैठणचा आणखी एक पुरुष काशीत ग्रंथरचना करीत होता. एकनाथांनी आपले भागवत १५७३ साली वाराणसीतच पूर्ण केले. प्राकृतात भागवत लिहिले म्हणून काशीच्या पंडितांनी प्रथम आक्षेप घेतला व अखेर त्या ग्रंथाचा गौरव केला, ही कथा महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. पुढल्याच वर्षी तुलसीदासांनी ‘रामचरितमानसा’स आरंभ केला, त्या ग्रंथाचीही काशीत परीक्षा झाली व विश्वनाथाने त्यास मान्यता दिली, अशी कथा हिंदी परंपरेत आहे. दोन्ही कथा चरित्रकारांच्या श्रद्धेने रंगलेल्या आहेत, हे मान्य करूनही त्यांतील साम्य अर्थपूर्ण ठरते. लोकभाषेला प्रतिष्ठा हवी असेल तर ती काशीत मिळवावी लागते, ही समजूत दोन भिन्न भाषांत एकाच आकाराच्या कथेने व्यक्त झाली. पैठणच्या एका पुत्राने काशीचे स्थानमाहात्म्य संस्कृतात बांधून दिले. दुसऱ्याने त्या माहात्म्याची साक्ष घेऊन मराठीला मोठे केले. घाटांचे दगड येण्याआधी दोन शतके काशीत मराठी मुलखातून शब्द आले होते. त्या शब्दांची सत्ता पुढेही ओसरली नाही. नारायणभट्टांचे नातू कमलाकरभट्ट यांचा १६१२ चा ‘निर्णयसिंधु’ देशभर प्रमाण मानला गेला, आणि पणतू गागाभट्ट यांनी १६७४ साली रायगडावर शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकाचे पौरोहित्य केले.

या पार्श्वभूमीवर मराठ्यांच्या बांधकामांकडे पाहिले म्हणजे त्यांचे खरे स्वरूप ध्यानात येते. काशी आपल्या ताब्यात यावी ही पेशव्यांची उत्कट इच्छा होती. ती कधीच सफल झाली नाही. १७४२ मध्ये मल्हारराव होळकरांच्या मनात मशीद पाडून तेथे देवालय उभारावयाचे होते. परंतु काशीतील ब्राह्मणांनाच त्याचे भय वाटले. फौज निघून गेल्यावर नबाबाच्या रोषास आपणच बळी पडू, ही त्यांची चिंता तत्कालीन मराठी पत्रात उमटली आहे. मल्हाररावांची सून अहल्याबाई यांनी निराळा मार्ग धरला. १७८० च्या सुमारास त्यांनी जुन्या जागेच्या शेजारी आजचे विश्वनाथमंदिर बांधविले. पुढे १८२८ साली बायजाबाई शिंदे यांनी ज्ञानवापी विहिरीभोवती स्तंभमंडप उभारला. सत्ता नसता, दुसऱ्याच्या राज्यात, केवळ द्रव्य आणि श्रद्धा यांच्या बळावर हे कार्य झाले. त्याला ‘निर्मिती’ म्हणण्यापेक्षा आपल्या परंपरेतील ‘जीर्णोद्धार’ हाच शब्द अधिक नेमका आहे. निर्माता आपल्या नावाने काही नवे उभारतो. जीर्णोद्धार करणारा मात्र आधीच पवित्र मानलेल्या जागेचे ऋण फेडतो.

परंतु एवढ्यावर समाधान मानणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. काशीचा काठ दगडांनी सजत असताना, १७९४ साली, काशीच्याच जगतसिंहाने बाजार बांधण्यासाठी चार-पाच मैलांवरील सारनाथचा धर्मराजिक स्तूप फोडून विटा नेल्या. आत सापडलेल्या करंड्यातील अस्थी गंगेत सोडण्यात आल्या. त्या हाती आणखी कोणाच्या तीर्थाचा आत्मा आहे, हे त्यांस ठाऊक नव्हते. त्यांनी आपल्या समजुतीप्रमाणे सद्‌गतीच दिली. स्थान स्मरणाने जिवंत राहते, हे खरे. पण स्मरण करणारे नाहीसे झाले तर तेच स्थान विटांची खाण होते. काशी आणि सारनाथ यांच्या दैवांतील अंतर दगडाच्या मजबुतीचे नव्हते. एकीकडे नित्ययात्रा चालू राहिली, दुसरीकडे ती थांबली होती.

दगडाचा भरवसा धरू नये, हे तर गंगाच शिकविते. बायजाबाईंच्या काळातील शिंदे घाट स्वतःच्या भाराने खचला आणि पुन्हा बांधावा लागला. त्याच्या शेजारचे रत्नेश्वराचे देऊळ आजही एका बाजूस कललेले आहे. पंचगंगेवरील मशिदीचे जे उंच मिनार काशीच्या जुन्या चित्रांत सर्वांत आधी नजरेत भरतात, ते आज नाहीत. आपल्या काळातही हा फेरा चालूच आहे. १३ डिसेंबर २०२१ रोजी उद्घाटन झालेल्या विश्वनाथ धामासाठी मंदिर आणि गंगा यांच्यामधील दाट वस्ती हटविण्यात आली. घरांच्या भिंतींत दडलेली कित्येक लहान देवळे त्यामुळे उजेडात आली, आणि त्याच वेळी गल्ल्यांची जुनी वीण कायमची उसवली. कोणी यास उद्धार म्हणतात, कोणी विध्वंस. काशीचा इतिहास पाहता दोन्ही शब्द एकाच कामास लागू पडल्याची ही पहिली वेळ नव्हे. प्रश्न एवढाच विचारावा : नव्या वास्तूत जुन्या यात्रेची पावले ओळखू येतात काय? कोणत्या गल्लीतून कोणत्या देवाकडे जावयाचे, हे सांगणारे मुखातील ज्ञान गल्लीबरोबर गेले, तर ते कोणत्या शिल्पकाराने परत आणावे?

पंचक्रोशीच्या वाटेवरील पहिला मुक्काम कंदवा येथील कर्दमेश्वराचा. गाहडवाल काळातील मानले जाणारे हे लहानसे देवालय काशीच्या परिसरात अद्याप उभ्या असलेल्या फार थोड्या मध्ययुगीन मंदिरांपैकी आहे. विश्वनाथाच्या गर्दीतून आलेल्या प्रवाशास त्याचे नावही बहुधा ठाऊक नसते. पंचक्रोशी करणारा यात्रेकरू मात्र तेथे थांबतो, तळ्यात स्नान करतो, प्रदक्षिणा घालतो आणि पुढल्या मुक्कामाकडे, भीमचंडीकडे, चालू लागतो. देवळाचे शतक त्याला ठाऊक नसते व त्याची त्याला गरजही भासत नाही. इतिहासकाराने त्याला ते सांगावे. परंतु सांगताना हेही ओळखावे, की त्या देवळाकडची वाट आठ-नऊशे वर्षे मोडली नाही, ती असल्या चालणाऱ्यांमुळेच.