आतल्या पालटाची कुळकथा

स्वतःबद्दल लिहिताना मनाच्या तळाशी उतरायचं, ही आज आपल्याला साधी गोष्ट वाटते. लहानपणची चोरी, आईला मारलेली थाप, वर्षानुवर्षं लांबवलेला निर्णय हे सगळं आत्मचरित्रात येतं. प्राचीन रोमन जगात स्वतःविषयी लिहिणं म्हणजे बहुधा पराक्रमाची नोंद असे. सम्राट ऑगस्टसनं आपल्या कर्तृत्वाची यादीच कोरून ठेवायला सांगितली होती. आपल्या मनाची उलटतपासणी हाच ग्रंथाचा विषय करणारा माणूस उत्तर आफ्रिकेत निपजला. त्याचं नाव ऑगस्टीन.

354 साली थागास्त गावी, म्हणजे आजच्या अल्जीरियात, त्याचा जन्म झाला. आई मोनिका श्रद्धाळू ख्रिस्ती, वडील जुन्या रोमन देवांना मानणारे. कार्थेजला शिकताना एकोणिसाव्या वर्षी सिसेरोचा एक ग्रंथ हाती आला आणि ज्ञानाची तहान लागली. तो मनी या धर्मसंस्थापकाच्या पंथाकडे वळला आणि सुमारे नऊ वर्षं तिथं रमला. वक्तृत्वकलेचा शिक्षक म्हणून नाव झालं, 384 साली मिलानमध्ये मानाची जागा मिळाली. तिथं बिशप अँब्रोझची प्रवचनं ऐकून बुद्धीच्या शंका हळूहळू फिटल्या. पण इच्छाशक्ती जागची हलेना. पटलेलं आचरणात येत नव्हतं, आणि हीच त्याची खरी यातना होती.

386च्या उन्हाळ्यात पोंतिशियानस नावाचा ओळखीचा माणूस घरी आला. त्यानं इजिप्तच्या वैरागी अँथनीची गोष्ट सांगितली. शुभवर्तमानातलं एक वचन कानी पडल्यावर अँथनीनं सर्वस्व सोडलं होतं. ट्रियर शहरात दोन सरकारी अधिकाऱ्यांनी त्याचं चरित्र वाचलं आणि तिथल्या तिथं नोकरीवर पाणी सोडलं. ते ऐकून ऑगस्टीन अस्वस्थ झाला. घरामागच्या बागेत गेला आणि अंजिराच्या झाडाखाली पडून रडू लागला. तेवढ्यात शेजारून लहान मुलाचा आवाज आला. मुलगा की मुलगी, तेही कळेना. उचल आणि वाच, असं ते मूल पुन्हापुन्हा म्हणत होतं. असं गाणं मुलांच्या एखाद्या खेळात असतं का, ते त्यानं आठवून पाहिलं, आठवेना. तेव्हा त्याला अँथनी आठवला. पौलाची पत्रं उघडून समोर आला तो उतारा त्यानं वाचला आणि मनाची कोंडी फुटली. सोबतच्या अलिपियस या मित्रानं पुढची ओळ वाचली आणि ती आपल्यासाठीच आहे असं मानलं. दोघं घरात गेले ते मोनिकाला सांगायला. 387च्या ईस्टरला अँब्रोझनं त्यांना बाप्तिस्मा दिला.

हिप्पोचा बिशप झाल्यावर, 397च्या सुमारास, त्यानं हे सारं 'कन्फेशन्स' या 13 भागांच्या ग्रंथात लिहायला घेतलं. मांडणीच नवी होती. सगळं बोलणं देवाशी, आणि वाचक ते ऐकतो. देवापुढं बढाई चालत नाही, म्हणून प्रत्येक आठवण तपासली जाते. सोळाव्या वर्षी मित्रांबरोबर त्यानं रात्री शेजारच्या झाडाची नासपती चोरली. घरी त्याहून चांगली फळं होती. चोरलेली बहुतेक डुकरांपुढं टाकली. मग चोरी कशासाठी? या एका प्रश्नावर तो पानंच्या पानं खर्च करतो आणि एकटा असतो तर आपण हे केलं नसतं, इथवर पोचतो. मामुली गुन्ह्यातून माणसाचा स्वभाव उलगडण्याची ही युक्ती पुढं साऱ्या जगानं उचलली.

पेत्रार्कनं 1336मध्ये व्हाँतू पर्वत चढून हेच पुस्तक उघडल्याचं लिहिलं आहे. आव्हिलाच्या तेरेसाला बागेतला प्रसंग वाचताना ती हाक आपल्यालाच आल्यासारखी वाटली. रूसोनं आपल्या आत्मचरित्राला तेच नाव दिलं. अँथनीनं ऐकलं, अधिकाऱ्यांनी वाचलं, ऑगस्टीननं त्यांची हकीकत ऐकली आणि तेरेसानं त्याची वाचली. हे कूळ रक्ताचं नव्हे, ऐकण्यावाचण्याचं आहे.

मराठीतही धर्मांतराच्या आत्मकथनाची ही जात रुजली. बेळगावात 1854 साली बाप्तिस्मा घेतलेल्या बाबा पदमनजींनी 'अरुणोदय' लिहून आपल्या मनाचा प्रवास मांडला. पण मराठीची खरी भर मला लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'त दिसते. ऑगस्टीनबरोबर अनेक वर्षं राहिलेली, त्याच्या मुलाची आई असलेली स्त्री त्याच्या ठरलेल्या लग्नाच्या आड येते म्हणून आफ्रिकेला परत पाठवली गेली. तिच्या जाण्यानं काळीज जखमी झाल्याचं तो लिहितो, पण तिचं नाव लिहीत नाही. तिची बाजू आपल्याला कधीच कळणार नाही. नारायण वामन टिळकांनी 1895 साली पत्नीला सोबत न घेता धर्म बदलला, तेव्हा मागं राहिलेल्या लक्ष्मीबाईंनी मात्र आपला संताप, दुरावा आणि पुढं स्वतःचा पालट स्वतःच्या शब्दांत सांगितला. एकाचा आतला पालट घरातल्या दुसऱ्या माणसाला काय भोगायला लावतो, हे त्या ग्रंथात आहे. ऑगस्टीननं सुरू केलेली प्रामाणिकपणाची परंपरा लक्ष्मीबाईंमुळे अधिक पूर्ण झाली, असं मी मानतो.