गुराबेची प्रतिकृती

मराठी आरमारातील ‘गुराब’ या तोफा वाहणाऱ्या शिडाच्या जहाजाची लाकूड, धातू व सूत वापरून ठरावीक प्रमाणात केलेली लहान आवृत्ती. शिडाच्या जहाजांच्या प्रतिकृती करण्याचा छंद युरोपात रुजला. इंग्लंडमध्ये सतराव्या शतकापासून नौदलासाठी अशा प्रतिकृती होत आणि त्यांपैकी पुष्कळ १:४८ या प्रमाणात, म्हणजे एका फुटाला पाव इंच धरून केलेल्या आहेत. मराठी प्रतिकृतिकाराला ही पद्धत उसनी घेता येते. जहाजाचा आकार मात्र उसना घेऊ नये.

सभासद बखरीत शिवाजी महाराजांच्या आरमाराचे वर्णन करताना गुराबा, तरांडी, गलबते, शिबाडे अशी नावे येतात. आंग्र्यांच्या काळात गुराब आणि गलबत ही जोडी आरमाराचा कणा झाली. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या वेढ्यात तुळाजी आंग्र्यांचा तांडा जळाला आणि मोजमाप घेता येईल अशी जहाजे त्या आगीत गेली. त्यामुळे आज मुख्य आधार लेखी वर्णनांचा आणि चित्रांचा. त्यांपैकी सर्वांत उपयोगी वर्णन रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराचे आहे. ते शत्रुपक्षाच्या माणसाने केलेले असूनही बारकाव्यांनी भरलेले आहे आणि प्रतिकृती करणाऱ्याने ते ओळ न् ओळ वाचावे.

ऑर्मच्या वर्णनानुसार बहुतेक गुराबांना दोन डोलकाठ्या असत, काहींना तीन. दोन डोलकाठ्यांची गुराब सुमारे १५० टनांपर्यंत, तर तीन डोलकाठ्यांची ३०० टनांच्या आसपास. लांबीच्या मानाने रुंदी पुष्कळ आणि तळ उथळ, म्हणून ती खाडीत शिरू शके आणि जड युरोपीय जहाज तिच्या मागे येऊ शकत नसे. मधून पुढे ती निमुळती होत जाई आणि शेवटी भूमध्य समुद्रातल्या गॅलीसारखी लांब, सखल नाळ पुढे निघालेली असे. या नाळेवरचा तक्ता जहाजाच्या मुख्य तक्त्याच्या पातळीतच, पण दोन्ही बाजूंना कठडा नसलेला. समोरून लाट आली की गुराब नाकावर जोरात आपटे. नाळेवर आलेले पाणी अडकून न राहता दोन्हीकडून वाहून जावे, यासाठी नाळ उघडी ठेवलेली होती. नाळेच्या मागे लाकडी आडभिंत आणि तिच्यात पाडलेल्या खिडक्यांतून थेट पुढे रोखलेल्या नऊ किंवा बारा पौंडी दोन तोफा. त्यांचे गोळे नाळेवरून जात. बाजूंच्या तोफा सहा ते नऊ पौंडी असत.

प्रतिकृतीत सर्वांत जास्त चूक होते ती या नाळेतच. बाजारातून इंग्रज किंवा फ्रेंच फ्रिगेटचा तयार संच आणायचा, फुगीर, उंच नाक तसेच ठेवायचे आणि डोलकाठीवर भगवे निशाण लावायचे, असे केले की पाहणाऱ्याच्या मनात आरमाराचे चुकीचे चित्र बसते. आंग्र्यांच्या लढाईची रीत त्या नाळेत होती. वारा पडला की वल्ह्यांची गलबते गुराबेला ओढून शत्रूच्या मागच्या अंगाला नेत, पुढच्या तोफा शत्रूच्या डोलकाठ्यांवर मारा करत. जहाज लुळे पडले की सगळ्या बाजूंनी गलबते भिडत आणि तलवारी घेतलेली माणसे एकाच वेळी वर चढत. पुढे तोंड असलेल्या दोन तोफा व उघडी नाळ प्रतिकृतीत नसेल, तर हे काहीच सांगता येत नाही. बाकी सजावट थोडी कमी झाली तरी चालेल.

तोफांचे प्रमाण हिशेबाने ठरवावे. नऊ पौंडी गोळ्याचा व्यास सुमारे १० सेंटिमीटर आणि तोफेच्या तोंडाचा सुमारे १०.७. १:४८ या प्रमाणात तोंड २.२ मिलिमीटरचे होते. अडीच मीटरच्या आतबाहेर लांबीची तोफ पाच सेंटिमीटरची आणि तिच्याशेजारचा गोलंदाज साडेतीन सेंटिमीटरचा. सहा पौंडी तोफेचे तोंड याच प्रमाणात १.९ मिलिमीटर भरते, १:६४ वर दीड आणि १:९६ वर एकाच्याही खाली. इतक्या बारीक भोकाचे काम टेबलावरच्या लेथवर जिकिरीचे होते. म्हणून तोफा दिसायला हव्या असतील तर १:४८ निवडावे, घरात जागा कमी असेल तर १:६४.

पितळेच्या सळईतून लेथवर एक तोफ नीट कातून घ्यावी: मागचा गोळा, कडांवरच्या वळ्या, मध्यभागी दोन्ही बाजूंचे आस, वर बत्ती लावायचा काना. तिच्यावरून रबरी साचा घेऊन बाकीच्या रेझिनमध्ये ओतता येतात. मात्र सगळ्या तोफा एकसारख्या करण्याचा मोह आवरावा. मराठ्यांकडच्या तोफा पोर्तुगीज, इंग्रज, फ्रेंच अशा नाना ठिकाणांहून आलेल्या, काही इथेच ओतलेल्या. त्यामुळे एका बाजूला दोन-तीन वेगवेगळ्या लांबीच्या तोफा ठेवणे अधिक खरे. लोखंडी तोफ मंद काळी, कांशाची तपकिरी. इतक्या लहान तोफेवर रंगाचा थर दिला तर वळ्या बुजतात. त्यापेक्षा पितळ अ‍ॅसिटोनने पुसून पितळ काळे करण्याच्या द्रावणात बुडवावे. तोफेचा गाडा चार लाकडी चाकांचा, आणि उडाल्यावर तोफ मागे उसळते तेव्हा तिला धरणारा जाड दोर जहाजाच्या भिंतीतल्या कड्यांना बांधलेला. हा दोर खरा तीन सेंटिमीटर जाडीचा धरला तर प्रतिकृतीत सहा दशांश मिलिमीटर होतो.

लाकडाच्या बाबतीत डहाणू तालुक्यातले कासा हे गाव या कामाला फार सोयीचे आहे, जरी ते समुद्रापासून बरेच आत, चारोटीजवळ सूर्या नदीच्या खोऱ्यात असले तरी. या तालुक्याच्या जंगलपट्ट्यात साग, ऐन, शिसव, खैर, हेद, कळंब ही झाडे आहेत. खऱ्या जहाजाला सागासारखे लाकूड नाही, पण प्रतिकृतीत सागाचे रेशे फार मोठे दिसतात आणि फळी खऱ्या मापाची वाटत नाही. युरोपातले कारागीर बॉक्सवुड वापरतात. त्याला इथला उत्तम पर्याय हेद. पिवळसर, बारीक व एकसारख्या कणाचे हे लाकूड कातीव कामात टवका न उडता कापले जाते. कळंबही कातायला चांगला. तोफेच्या गाड्यांना आणि सुकाणूला शिसवीची गडद पट्टी शोभते. फळ्या बसवायच्या लाकडी खिळ्यांसाठी बांबू चिरून, सोनार तार ओढतात तशा भोकांच्या पोलादी पट्टीतून ओढतात. या भागातल्या आदिवासी घरांत बांबू चिरण्याचा हात असा बसलेला असतो की अर्ध्या मिलिमीटरची काडी तिथल्या कारागिरांना परकी वाटत नाही.

सांगाडा करताना आधी पठाण, म्हणजे खालचा मुख्य वासा, मग त्यावर वाक, म्हणजे फासळ्या, आणि शेवटी फळ्या. सुरत-मुंबईकडच्या कारागिरांची फळ्या जोडण्याची रीत युरोपीय प्रवाशांनी नोंदवलेली आहे. एका फळीच्या कडेची खाच दुसरीच्या कडेत बसे आणि मधे कापूस व राळ भरत. १:४८ वर ही खाच दिसणार नाही, पण एखादी वाक उघडी ठेवून तिथल्या दोन फळ्यांची टोके मोठ्या प्रमाणात वेगळ्या तक्त्यावर दाखवता येतात. पाण्याखालच्या भागाला चुना व तेल यांचे मिश्रण लावत, म्हणून तिथला रंग मळका पांढरा असावा. चकचकीत तांब्याचे पत्रे लावणे चूक. ब्रिटिश नौदलातही तांब्याचे अस्तर १७८०च्या आसपासच सर्वत्र आले.

डोलकाठ्या, परबाणे (शिडाच्या आडव्या काठ्या) व शिडे यांत अठराव्या शतकातील चित्रे आधार देतात. त्यांत गुराबेवर चौकोनी शिडे दिसतात. दोर काथ्याचे, म्हणून सूत काळे न घेता मातकट तपकिरी घ्यावे आणि मेणातून ओढावे, म्हणजे त्याचे केस बसतात.

गुराबेशेजारी गलबत ठेवले नाही तर मांडणी अपुरी. गलबत ७० टनांहून क्वचितच मोठे. त्याला दोन डोलकाठ्या, मागची अगदी बारीक. मुख्य डोलकाठीवर एकच तिकोनी शीड, ज्याचे टोक चढवल्यावर डोलकाठीहून वर जाई. लहान गलबतांवर चिरलेल्या बांबूचा हलका तक्ता असे आणि कडेच्या कठड्यावर फिरते जंबुरे बसवलेले. मोठ्यांवर पक्का तक्ता आणि दोन ते चार पौंडी सहा-आठ तोफा. वल्ही चाळीस-पन्नास. इथे बांबू हे खऱ्याचेच साहित्य असल्याने तक्ता तसाच विणावा. त्याहून जुने वल्ह्यांचे जहाज कसे दिसत असे, हे पाहायचे असल्यास बोरिवलीच्या एक्सर येथील शिलाहारकालीन वीरगळ पाहावेत. त्यांवर आरमारी लढाई कोरलेली आहे.

डहाणूच्या वाचकाला या जहाजांचा संबंध दूरचा वाटू नये. चिमाजी अप्पांच्या उत्तर कोकण मोहिमेत, १७३९ साली, डहाणू, तारापूर, केळवे आणि माहीम ही पोर्तुगीजांची ठाणी मराठ्यांकडे आली आणि त्याच वर्षी वसई पडली. वसई व आगाशी ही जहाजबांधणीची जुनी ठिकाणे. पेशव्यांच्या आरमाराने आनंदराव धुळप यांच्या नेतृत्वाखाली एप्रिल १७८३ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचे ‘रेंजर’ हे जहाज पकडले, ही लढाई १:४८ च्या दोन गुराबा व चार गलबतांत मांडण्याजोगी आहे. जागा मोठी लागेल, पण शाळेच्या दालनात ती मावेल.

पूर्ण झालेली प्रतिकृती कोकणच्या पावसात टिकवणे हे वेगळे काम आहे. हेद आणि साग ओल धरून फुगतात व उन्हाळ्यात आकसतात, तेव्हा फळ्यांचे काम कोरड्या महिन्यांत आटोपावे आणि काचेच्या पेटीत हवा जाण्यायेण्यासाठी बारीक जाळी ठेवावी. शिशाच्या तोफा मात्र पेटीत ठेवूच नयेत. बंद पेटीतले लाकूड आणि व्हार्निश यांतून आम्लाची वाफ निघते, त्यामुळे शिसे हळूहळू पांढऱ्या भुकटीत बदलते आणि वीस-पंचवीस वर्षांत एखादी तोफ हाताने चिमटताच चुरते. पितळ किंवा रेझिन वापरल्यास हा धोका राहत नाही.