आम्लपित्ताचा भूगोल

म्हैसूर म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे दसऱ्याचा थाट उभा राहतो, चंदनाचा दरवळ आठवतो आणि तुपात न्हालेला म्हैसूरपाक जिभेवर येतो. परंतु वैद्यकाच्या इतिहासात या नगरीचे नाव आले आहे ते निराळ्या कारणाने. छातीतील जळजळ, आंबट ढेकर, घशाशी येणारे कडवट पाणी आणि याच कुळातला, पण अधिक उग्र असा लहान आतड्याच्या मुखाशी होणारा व्रण, या विकारांचे मूळ माणसाच्या ताटात तर नाही ना, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या मध्याला म्हैसुरात मोठ्या चिकाटीने विचारला गेला.

प्रश्न तसा जुनाच. चरकसंहितेत आम्लपित्ताचा निर्देश आहे, स्वतंत्र अध्याय मात्र नाही. तो मान या व्याधीला पुढे माधवनिदानात मिळाला. तेथे तिचे ऊर्ध्वग आणि अधोग असे दोन प्रकार सांगितले आहेत. आज ज्याला ‘ॲसिड वर येणे’ म्हणतात, ते या ऊर्ध्वगाच्या जवळचे. सर्वांत मनोवेधक विवेचन आहे ते काश्यपसंहितेत. नेपाळात सापडलेल्या हस्तलिखितावरून हा ग्रंथ 1938 साली मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने प्रसिद्ध केला. त्याचे म्हणणे असे की, हा रोग प्रायः आनूप देशात, म्हणजे पाणथळ, दमट मुलखात होतो; आणि औषधांनी तो शमत नसेल, तर रोग्याने सरळ दुसऱ्या देशी जावे. औषध हरल्यावर मुलूख बदलावयास सांगणारा हा वैद्य रोग केवळ पोटात आहे असे मानीत नव्हता, हे उघड आहे.

म्हैसूरचे होल्ड्सवर्थ स्मृती रुग्णालय मेथडिस्ट मिशनने 1906 साली उघडले. गावात त्याला ‘मिशन हॉस्पिटल’ म्हणूनच ओळखतात. 1951 च्या सुमारास तेथे फ्रँक टोव्ही नावाचे तरुण इंग्रज शल्यवैद्य रुजू झाले. त्याआधी काही काळ त्यांनी चीनमध्ये काम केले होते. कुष्ठरोग्यांच्या वाकड्या झालेल्या बोटांवर शस्त्रक्रिया करणे हे त्यांचे एक मोठे कार्य. परंतु त्यांच्या टेबलावर आणखी एक रोगी वारंवार येई. वर्षानुवर्षे पोटदुखी काढलेला, खंगलेला, आणि व्रणाच्या वणांनी जठराचे तोंडच आवळून गेल्यामुळे खाल्लेले सारे ओकून टाकणारा. अशा रोग्याला गोळ्या आणि पथ्य यांचा उपयोग होण्याची वेळ टळून गेलेली असे. शस्त्र चालविण्यावाचून इलाज नसे.

दुसरा एखादा शल्यवैद्य उत्तम शस्त्रक्रिया करून समाधान मानता. टोव्हींनी मात्र देशभरातील रुग्णालयांकडे चौकशी आरंभिली. उत्तरे पाहता एक नकाशाच तयार झाला. दक्षिणेतील भातखाऊ मुलखात या व्रणाचे रोगी विपुल. पंजाबसारख्या गव्हाच्या मुलखात ते विरळ. ते 1967 पर्यंत म्हैसुरात होते. मायदेशी परतल्यावरही हा नाद सुटला नाही आणि 1979 साली त्यांचे भारत व बांगलादेशातील व्रणांविषयीचे विवेचन प्रसिद्ध झाले.

या वाटेने जाणारे ते पहिले नव्हेत. म्हैसूरपासून फार दूर नसलेल्या कुन्नूरला रॉबर्ट मॅक्‌कॅरिसन यांनी निरनिराळ्या प्रांतांचे आहार उंदरांना घालून पाहिले होते. त्रावणकोरच्या टॅपिओकाप्रधान आहारावरील उंदरांना व्रण झाले, शिखांच्या गहू-दुधाच्या आहारावरील उंदीर धट्टेकट्टे राहिले. पुढे मुंबईत पश्चिम रेल्वेचे डॉक्टर एस. एल. मल्होत्रा यांनी रेल्वेच्या नोकरांमध्ये हाच भेद दाखविला. रेल्वेचे नोकर ही निवड मोठी मार्मिक, कारण नोकरी एकच आणि ताटे मात्र निरनिराळी. 1978 साली त्यांनी आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला. व्रण भरून आलेल्या रोग्यांपैकी काहींना भात व काहींना कोंड्यासकट गव्हाच्या पोळ्या दिल्या. पाच वर्षांत भातवाल्यांपैकी 81 टक्क्यांचा व्रण उलटला, पोळीवाल्यांपैकी केवळ 14 टक्क्यांचा. पोळी चावावी लागते, चावताना लाळ सुटते आणि ती आम्लाला आवर घालते, असा त्यांचा तर्क होता.

टोव्हींचा तर्क वेगळा. त्यांचे लक्ष धान्यातील स्निग्धांशाकडे गेले. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगांत काही स्निग्धांश जठराचे रक्षण करताना आढळले, आणि त्यांत एक होता कुळथातील. कोकणात भातावर कुळथाची पिठी ओरपणाऱ्यांना हे ऐकून आनंद व्हावा! पण चरकाने तर आम्लपित्त उत्पन्न करणाऱ्या पदार्थांत कुळथालाच अग्रस्थान दिले आहे. जुन्या तांदळाचेही तसेच. आपल्याकडे तो पथ्याचा. टोव्हींच्या मते मात्र साठवणीत तांदळाचे गुण बिघडतात. ही विसंगती दडवून ‘आपल्या पूर्वजांना सर्व ठाऊक होते’ असे म्हणणे सोपे आहे, पण ते अभ्यासाला धरून नाही. छातीतील जळजळ आणि आतड्याचा व्रण हे दोन भिन्न विकार असून ‘आम्लपित्त’ या एका शब्दात दोन्ही सामावतात, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

दरम्यान औषधे येऊन पोहोचली. 1976 साली सिमेटिडीन आले, 1988 साली ओमेप्राझोल. 1982 साली ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे वॉरन आणि मार्शल यांनी जठरात राहणारा एक जंतू हुडकला. तो व्रणाचे प्रमुख कारण ठरला आणि 2005 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. जो रोगी टोव्हींच्या टेबलावर येत असे, तो आता बहुधा आठ-पंधरा दिवसांच्या गोळ्यांनी बरा होतो. तरीही हा जंतू उत्तरेतही आढळतो आणि दक्षिणेतही. मग व्रणांत एवढा फरक का, हा टोव्हींचा आक्षेप अगदीच फेटाळता येत नाही.

जळजळीची गोष्ट निराळी. अन्ननलिका आणि जठर यांच्या सांध्यावरील स्नायूचे कडे सैल पडले की आम्ल वर येते. जंतू मारून ते कडे घट्ट होत नाही. गोळी आम्ल कमी करते, कड्याला हात लावीत नाही. म्हणून डॉक्टर गोळीबरोबर इतरही गोष्टी सांगतात. वाढलेले वजन उतरवावे, तंबाखू सोडावी, रात्री उशिरा व पोटास तडस लागेपर्यंत जेवू नये, पलंगाची उशाकडची बाजू वीतभर उंच करावी. जेवणानंतर दोन-तीन तास आडवे होऊ नये, या सल्ल्यापुढे जुन्या घरांतील शतपावली टिकते, पण तिच्या पाठोपाठची वामकुक्षी अडचणीत येते. मात्र निजावयाचेच झाले, तर डावी कूस बरी. कारण त्या कुशीवर जठरातील आम्ल सांध्याच्या खालच्या पातळीवर राहते, आणि उजव्या कुशीवर ते सांध्याशी येऊन ठेपते.