ॲप टॅक्सी : मीटर कोणाच्या हाती?

मुंबईत काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे भाडे परिवहन प्राधिकरण ठरविते. १ फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरला ते ३१ रुपये झाले. पाऊस कोसळू लागला म्हणून ते वाढत नाही. मोबाइलवरून बोलाविलेल्या टॅक्सीचे भाडे मात्र कंपनीचा संगणक मागणी पाहून ठरवितो. त्यात सरकारने कुठवर हात घालावा, हा खरा वाद आहे.

ओला, उबर यांसारख्या कंपन्यांचा युक्तिवाद दीर्घकाळ एकच होता : आम्ही वाहतूकदार नव्हे, प्रवासी आणि चालक यांची केवळ गाठ घालून देतो. तो अगदीच पोकळ नव्हता. मोटार वाहन कायदा १९८८चा. परवाना द्यायचा तो गाडीला आणि चालकाला, अशी त्याची रचना. भाडे ठरविणारा, चालकाला सेवेतून वगळू शकणारा आणि प्रत्यक्ष गाडीत कुठेच नसणारा हा तिसरा पक्ष त्यात बसत नव्हता. डिसेंबर २०१४ मध्ये दिल्लीत उबरच्या चालकाने प्रवासी महिलेवर बलात्कार केला, तेव्हा चालकाच्या पडताळणीची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न देशभर गाजला.

२०१९च्या दुरुस्तीने या कंपन्यांना कायद्यात 'ॲग्रिगेटर' ही ओळख दिली आणि कलम ९३ अन्वये राज्याचा परवाना बंधनकारक केला. केंद्राच्या नोव्हेंबर २०२० मधील मार्गदर्शक तत्त्वांनी गर्दीच्या वेळच्या भाडेवाढीवर मूळ भाड्याच्या दीडपटीची मर्यादा घातली. जुलै २०२५ मध्ये ती दोन पटींवर नेण्यात आली. स्वतःची गाडी चालविणाऱ्यास भाड्यातील किमान ८० टक्के वाटा, तर सबळ कारणाविना फेरी रद्द करणाऱ्यास भाड्याच्या १० टक्के, कमाल १०० रुपये दंड, अशीही तरतूद आहे. मूळ भाडे मात्र राज्याने ठरवायचे.

महाराष्ट्रात परवान्याचे घोडे बराच काळ अडले. मार्च २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला कंपन्यांना अर्जासाठी १६ मार्चची मुदत घालून द्यावी लागली. त्यानंतर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. दरम्यान, पुण्यात जानेवारी २०२४ पासून वातानुकूलित कॅबसाठी पहिल्या दीड किलोमीटरला ३७ रुपये आणि पुढे प्रतिकिलोमीटर २५ रुपये असा सरकारी दर लागू झाला. ॲपवर दिसणारे भाडे त्याहून कमी असे. चालक सरकारी दर मागत आणि प्रवासी मोबाइलवरचा आकडा दाखवीत. खटके उडत ते या दोघांत. भाडे ठरविणारी कंपनी तेव्हाही गाडीत नसे.